मुक्त व्यापार कराराचा परिणाम कसा मोजावा: शुल्काच्या तक्त्यापासून निष्कर्षापर्यंत

करार लागू होण्याआधीच्या वर्षाचा व्यापार एका रकान्यात, पाच वर्षांनंतरचा दुसऱ्या रकान्यात, आणि दोहोंतला फरक म्हणजे ‘कराराचा परिणाम’. लेखांत, प्रकल्प अहवालांत, अगदी प्रबंधांतही ही वजाबाकी पुन्हा पुन्हा भेटते आणि तिच्यावर विसंबून मोठमोठे निष्कर्ष काढले जातात. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेक्सिकोचा पेसो कोसळला. १९९६ च्या आकड्यांतून १९९३ चे आकडे वजा करणाऱ्याच्या हाती करार, चलनसंकट आणि अमेरिकी अर्थव्यवस्थेची वाढ यांची भेसळ येते. तीत कराराचा वाटा किती, हे त्या वजाबाकीतून कळूच शकत नाही.

खरी तुलना ‘करारापूर्वी’ आणि ‘करारानंतर’ यांच्यात नसते. ती ‘करार असताना’ आणि ‘करार झालाच नसता तर’ यांच्यात असते. यातली दुसरी बाजू कोणत्याही सरकारी तक्त्यात छापून येत नाही, ती आपल्याला बांधावी लागते. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये. मॉडेल चालवायला संगणकाला काही मिनिटे पुरतात. पहिल्या चार टप्प्यांना आठवडे लागतात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

## टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘कराराचा फायदा झाला का?’ हा मोजता येण्यासारखा प्रश्न नाही. कोणाला, कशात आणि किती काळात, हे तिन्ही त्यात यायला हवे. उदाहरणार्थ: ‘करार लागू झाल्यानंतरच्या दहा वर्षांत भागीदार देशाकडून होणारी सवलतप्राप्त वस्तूंची आयात, करार नसता तर झाली असती त्यापेक्षा किती टक्के जास्त झाली?’ वाक्य लांबलचक आहे, पण काय मोजायचे ते त्यातून नेमके कळते.

करार अजून व्हायचा असेल तर आपण पूर्वअंदाज बांधतो, होऊन काही वर्षे लोटली असतील तर मूल्यमापन करतो. पूर्वअंदाजात गृहीतकांवर भिस्त असते, मूल्यमापनात प्रत्यक्ष आकड्यांवर. एकाची पद्धत दुसऱ्यासाठी वापरू नका.

सावधान : भागीदार देशाशी असलेली व्यापार तूट वाढली म्हणून करार फसला, घटली म्हणून यशस्वी झाला, असे मोजमाप करू नका. देशाची एकूण तूट ठरते ती देशातली बचत आणि गुंतवणूक यांच्या फरकावरून. एका भागीदाराशी असलेली तूट वाढून दुसऱ्याशी असलेली घटू शकते. शिवाय स्वस्तात आलेला कच्चा माल किंवा सुटे भाग ‘आयात’ म्हणून तुटीत मोजले जातात, पण त्यांच्यावरच एखादा निर्यात उद्योग उभा असतो. तूट स्वतंत्रपणे जरूर नोंदवा, पण तिला गुणपत्रिका समजू नका.

## टप्पा २ : शुल्काचा वर्षवार तक्ता बनवा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून तो सर्वाधिक टाळला जातो. करार म्हणजे एका दिवसात सगळी शुल्के शून्य, अशी समजूत असते. प्रत्यक्षात कराराच्या परिशिष्टात प्रत्येक वस्तूची वेगळी कथा असते: काही शुल्के पहिल्या दिवशी जातात, काही पाच-दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरतात, काही वस्तू यादीतून पूर्ण वगळलेल्या असतात. नाफ्टातली शेवटची शुल्के हटायला १ जानेवारी २००८ उजाडला, म्हणजे लागू झाल्यापासून चौदा वर्षे गेली.

प्रत्येक एचएस कोडसाठी, म्हणजे वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या क्रमांकासाठी, पुढचे रकाने भरा:

1. सर्व देशांना लागू असलेला सामान्य दर, म्हणजे एमएफएन दर, प्रत्येक वर्षासाठी वेगळा.
2. करारातला सवलतीचा दर, तोही वर्षवार.
3. दोहोंतला फरक, म्हणजे सवलतीची फट.
4. कोटा, हंगामी शुल्क किंवा वगळलेली वस्तू असल्यास तशी नोंद.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एमएफएन दर मुळातच शून्य असेल, तर करार त्याहून कमी काय करणार? जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झालेल्या देशांत संगणक आणि त्यांचे अनेक भाग सगळ्यांसाठीच शुल्कमुक्त आहेत. अशा वस्तूंची भागीदाराकडून आयात वाढली तर ती वाढ शुल्क सवलतीमुळे झाली असे म्हणता येत नाही. उलटही घडते: करार टिकून असतो, पण देश सगळ्यांसाठीच एमएफएन दर उतरवतो आणि भागीदाराची सवलत झिजते. म्हणूनच दोन्ही दर वर्षवार हवेत.

वजन किंवा नगावर आकारलेले शुल्क असेल तर ते आयात मूल्याच्या टक्केवारीत बदलून घ्या. मात्र त्यासाठी दर वर्षीची किंमत वापरू नका. किंमत बदलली की शुल्क तेच राहूनही टक्केवारी हलते, आणि ती हालचाल कराराच्या नावावर जमा होते. पायाभूत काळातली सरासरी किंमत घ्या.

सावधान : आयातीनुसार भारित सरासरी शुल्क दिसायला शास्त्रशुद्ध, पण फसवे. समजा दोनच वस्तू आहेत. पहिलीवर ५ टक्के शुल्क आणि आयातीत ९५ टक्के वाटा. दुसरीवर १०० टक्के शुल्क आणि म्हणूनच वाटा फक्त ५ टक्के. भारित सरासरी येते ९.७५ टक्के, साधी सरासरी ५२.५ टक्के. भिंत जितकी उंच तितके तिचे वजन कमी, असा उफराटा हिशेब होतो. दोन्ही सरासरी द्या, आणि मुख्य विश्लेषण शक्यतो वस्तूनिहायच करा.

## टप्पा ३ : व्यापाराचे आकडे जुळवा

संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड आणि जागतिक बँकेचा विट्स हे दोन आकडासंग्रह बहुतेक कामाला पुरतात. पण डाउनलोड केलेली फाइल थेट वापरायची नसते. तीन गाठी आधी सोडवाव्या लागतात.

पहिली गाठ वर्गीकरणाची. एचएस कोडच्या नव्या आवृत्त्या २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आल्या आणि प्रत्येक वेळी काही कोड फुटले, काही विलीन झाले. स्मार्टफोनचेच पाहा. २०२२ च्या आवृत्तीत त्याला ८५१७.१३ हा स्वतंत्र कोड मिळाला. त्याआधी सगळे मोबाइल फोन ८५१७.१२ मध्ये एकत्र होते. जुळवणी न करता मालिका काढली तर २०२२ मध्ये एका वस्तूचा व्यापार अचानक संपतो आणि दुसरीचा आकाशातून पडतो. जुळवणी तक्ते उपलब्ध आहेत. सगळी वर्षे एकाच आवृत्तीत आणा. सहा अंकांपर्यंतचे कोड जगभर सारखे असतात, त्यापुढचे अंक प्रत्येक देशाचे स्वतःचे. सहापेक्षा जास्त अंकांवर दोन देशांची तुलना करू नका.

दुसरी गाठ आरशाची. अ देशाने ब ला केलेली निर्यात आणि ब ने अ कडून केलेली आयात हे एकच आकडे असायला हवेत, पण तसे नसतात. आयातीत सहसा वाहतूक आणि विमा धरलेला असतो, निर्यातीत नसतो. शिवाय आयात मूळ उत्पादक देशाच्या नावावर नोंदली जाते, तर निर्यात त्या वेळी माहीत असलेल्या शेवटच्या ठिकाणाच्या नावावर. हाँगकाँग, सिंगापूर, रॉटरडॅम अशा बंदरांतून वळणाऱ्या मालामुळे गोंधळ आणखी वाढतो. माझे मत स्पष्ट आहे: आयातदाराचे आकडे घ्या. सीमाशुल्क त्यांवरच आकारले जाते, त्यामुळे त्यांची तपासणी जास्त कसोशीने होते. आणि एकदा निवड केली की सगळ्या वर्षांसाठी तीच ठेवा.

तिसरी गाठ शून्यांची. फाइलमध्ये नोंद नसणे याचा अर्थ कधी ‘व्यापार झाला नाही’ असा असतो, कधी ‘त्या देशाने त्या वर्षी आकडेच कळवले नाहीत’ असा. पहिल्या प्रकारात शून्य भरा, दुसऱ्यात जागा रिकामी ठेवा. दोन्हींत सरसकट शून्य भरणे ही चूक इतकी सहज घडते, की ती करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

तपासणी : करार लागू होण्याआधीची निदान पाच आणि नंतरची निदान आठ-दहा वर्षे हाताशी आहेत का? मधे २००८-०९ ची मंदी किंवा २०२० ची महासाथ येत असेल तर ती वर्षे वेगळी खूण करून ठेवा. सोयीसाठी काढून टाकू नका.

## टप्पा ४ : सवलत वापरली गेली का ते पाहा

करारातली सवलत आपोआप मिळत नाही. माल खरोखर भागीदार देशातच तयार झाला हे उत्पत्तीच्या नियमांनुसार सिद्ध करावे लागते. हे नियम कडक असू शकतात: मोटारींसाठी नाफ्टात ६२.५ टक्के मूल्य प्रदेशातले असणे आवश्यक होते, त्याजागी आलेल्या यूएसएमसीए करारात ते ७५ टक्के झाले. कागदपत्रे, हिशेब आणि तपासणीचा खर्च सवलतीच्या फटीपेक्षा जास्त असेल तर आयातदार सरळ एमएफएन दराने शुल्क भरून मोकळा होतो.

म्हणून वापराचे प्रमाण काढा: सवलतीच्या दराने प्रत्यक्ष झालेली आयात, भागिले सवलतीस पात्र असलेली एकूण आयात. भाजकात एमएफएन दर शून्य असलेल्या वस्तू घेतल्यात तर प्रमाण विनाकारण खाली येईल.

हे आकडे सीमाशुल्क विभागाकडून मिळतात, आणि सगळे देश ते प्रसिद्ध करत नाहीत. मिळाले नाहीत तर तसे लिहा, आणि आपण मोजलेला परिणाम ‘देऊ केलेल्या सवलतीचा’ आहे, ‘वापरलेल्या सवलतीचा’ नाही, एवढा भेद वाचकाला कळू द्या.

## टप्पा ५ : आधी हाताने तुलना करा

मोठ्या मॉडेलकडे जाण्यापूर्वी कागदावर मावेल अशी दुहेरी फरकाची तुलना करा. समजा, सवलत मिळालेल्या वस्तूंची भागीदाराकडून आयात ४०० वरून ७०० झाली. वाढ ७५ टक्के. त्याच वस्तूंची बाकी जगाकडून आयात १,००० वरून १,५०० झाली. वाढ ५० टक्के. म्हणजे मागणी एरवीही वाढतच होती. १.७५ भागिले १.५० केले की सुमारे १.१७ येतात. ७५ टक्क्यांची गर्जना १७ टक्क्यांवर आली.

पण हे १७ टक्केही जरा फुगलेले असू शकतात. करारामुळे काही खरेदी बाकी जगाकडून भागीदाराकडे वळली असेल, तर तुलनेचा गट स्वतःच करारामुळे खाली दबलेला आहे. त्यामुळे दुसरी तुलनाही करा: ज्याचा या भागीदाराशी करार नाही अशा साधारण सारख्या तिसऱ्या देशात त्याच वस्तूंच्या आयातीत भागीदाराचा वाटा कसा बदलला? दोन्ही तुलना एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पुढे जा.

तपासणी : करारापूर्वीच्या वर्षांत दोन्ही गटांच्या रेषा साधारण समांतर होत्या का? आलेख काढून डोळ्यांनी पाहा. करारापूर्वीच त्या फाकत असतील तर तुलनेचा गट बदला. शुल्क उतरणार हे आधी माहीत असते, म्हणून टिकाऊ मालाचे आयातदार लागू होण्याच्या तारखेपर्यंत थांबतात. त्यामुळे आधीचे वर्ष खोटे खाली आणि पहिले वर्ष खोटे वर दिसते. ही दोन वर्षे पायाभूत धरू नका.

## टप्पा ६ : ग्रॅव्हिटी मॉडेल चालवा

दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारासोबत वाढतो आणि अंतरासोबत घटतो, हा या मॉडेलचा गाभा. अनेक देशांच्या जोड्या आणि अनेक वर्षे एकत्र घेऊन ‘करार नसता तर’ची पातळी ते सुचवते. यातल्या ठरलेल्या चुका अशा:

1. लॉग घेऊन साधे रिग्रेशन करणे. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून शून्य व्यापाराच्या जोड्या गळून पडतात. शिवाय आकड्यांचे विखुरणे असमान असेल तर सहगुणकही, म्हणजे मॉडेलने काढलेले परिणामाचे आकडेही, कलतात. २००६ पासून पॉइसन पद्धत, म्हणजे पीपीएमएल, रूढ आहे. तीच वापरा.

2. फक्त जीडीपी आणि अंतर घालणे. दोन देशांतला व्यापार त्यांच्या बाकी जगाशी असलेल्या अडथळ्यांवरही अवलंबून असतो. त्यासाठी ‘निर्यातदार-वर्ष’ आणि ‘आयातदार-वर्ष’ असे स्थिर परिणाम, म्हणजे प्रत्येक देशाला दर वर्षी स्वतःची पातळी देणारे चलक, घाला. ते घातले की जीडीपीचा चलक आपोआप गळतो. याने घाबरून जाऊन बरेच जण स्थिर परिणामच काढून टाकतात. तसे करू नका, जीडीपी त्यांच्यात सामावलेला आहे.

3. जोडीचा स्थिर परिणाम विसरणे. करार कोणामध्ये होतात? बहुधा आधीपासून भरपूर व्यापार असलेल्या देशांमध्ये. हा निवडीचा कल काढण्यासाठी प्रत्येक जोडीला स्वतःचा स्थिर परिणाम हवा. अंतर आणि सामाईक भाषा त्यात विरघळतात.

4. देशांतर्गत विक्री वगळणे. परकी माल वाढला तो देशी मालाच्या जागी की दुसऱ्या परकी मालाच्या जागी, हे मॉडेलला कळण्यासाठी देशाची स्वतःशी असलेली विक्रीही तक्त्यात हवी. एकूण उत्पादनातून निर्यात वजा करून ती काढा. उत्पादन म्हणजे पूर्ण विक्रीमूल्य, मूल्यवृद्धी नव्हे.

5. सहगुणक थेट टक्केवारी म्हणून वाचणे. सहगुणक ०.४० आला तर वाढ ४० टक्के नसते. ई चा ०.४० वा घात १.४९, म्हणजे वाढ ४९ टक्के.

6. सगळ्या करारांची सरासरी आपल्या कराराला चिकटवणे. करारांमुळे सदस्यांचा परस्पर व्यापार दहा वर्षांत सरासरी सुमारे दुप्पट होतो, हा बायर आणि बर्गस्ट्रँड यांचा २००७ चा निष्कर्ष फार वेळा उद्धृत होतो. तो सरासरीचा आहे. आपल्या करारासाठी वेगळा चलक ठेवा, आणि दोन्ही दिशांसाठी वेगवेगळा, कारण एका देशाची निर्यात खूप वाढून दुसऱ्याची जेमतेम वाढू शकते.

तपासणी : करार लागू होण्याच्या चार वर्षे आधी ‘लागू’ झाला असे खोटेच दाखवणारा चलक घाला. त्याचा सहगुणक मोठा आणि ठळक आला, तर मॉडेल करारापूर्वीच्याच एखाद्या प्रवाहाला करार समजत आहे.

## टप्पा ७ : व्यापारनिर्मिती आणि व्यापारविचलन वेगळे करा

व्यापार वाढला म्हणजे देशाचे भले झाले, असे होत नाही. निर्मितीत महाग देशी मालाच्या जागी भागीदाराचा स्वस्त माल येतो, विचलनात बाहेरच्या स्वस्त मालाच्या जागी भागीदाराचा महाग माल. जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये केलेला हा भेद आजही निम्म्या अहवालांत दिसत नाही, म्हणून उदाहरण घेऊ.

एका वस्तूचे देशात उत्पादन नाही. बाहेरचा देश ती १०० ला विकतो, करारातला भागीदार ११० ला. सगळ्यांवर २० टक्के शुल्क असताना ग्राहकाला त्या १२० आणि १३२ ला पडतात, त्यामुळे सगळी १,००० नग आयात बाहेरच्या देशाकडून होते. करारानंतर भागीदाराचा माल ११० लाच मिळू लागतो. आयात १,१५० नगांवर जाते आणि सगळी भागीदाराकडे वळते. भागीदाराशी व्यापार शून्यावरून १,२६,५०० झाला, बातमी छान!

आता देशाचा हिशेब. ग्राहकांचा लाभ: जुन्या १,००० नगांवर प्रत्येकी १०, म्हणजे १०,०००, नव्या १५० नगांवर सरासरी ५, म्हणजे ७५०. एकूण १०,७५०. सरकारचा बुडालेला महसूल: १,००० नगांवर प्रत्येकी २०, म्हणजे २०,०००. निव्वळ तोटा ९,२५०. व्यापार वाढूनही देश गरीब झाला.

प्रत्येक मोठ्या वस्तूसाठी तीन प्रश्न विचारा: भागीदाराकडून वाढ किती, बाहेरच्यांकडून घट किती, आणि देशांतर्गत उत्पादकांची विक्री किती कमी झाली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे असेल तर विचलनाचा संशय धरा. विट्समधील स्मार्ट हे साधन वस्तूनिहाय निर्मिती, विचलन आणि महसुलातील घट यांचा अंदाज देते. मात्र ते एका वेळी एकाच बाजारापुरते पाहते आणि लवचिकतेच्या, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते याच्या, गृहीतकांवर चालते.

## टप्पा ८ : अर्थव्यवस्थेचा आकडा काढा, पण आधी पाटीवर अंदाज बांधा

राष्ट्रीय उत्पन्नावरचा परिणाम काढायला सर्वसाधारण समतोलाचे, म्हणजे सगळे बाजार एकत्र धरणारे, मॉडेल लागते. पर्ड्यू विद्यापीठातून चालणारे जीटॅप त्यासाठी सर्रास वापरले जाते. ते चालवण्याआधी एक ढोबळ हिशेब करा. भागीदाराकडून आयात जीडीपीच्या ४ टक्के, शुल्कातली कपात ५ टक्के बिंदू, आणि आयातीत ३० टक्के वाढ असे समजा. वाढीव आयात जीडीपीच्या १.२ टक्के. तिचा ५ टक्के भाग ०.०६. लाभ पहिल्या वाढीव नगावर सर्वाधिक आणि शेवटच्यावर जवळपास शून्य असतो, म्हणून त्रिकोणाच्या क्षेत्रफळासारखा त्याचा निम्मा: ०.०३ टक्के. मॉडेल याच्या काही पट दाखवत असेल तर समजण्यासारखे आहे, कारण उत्पादकता आणि कच्च्या मालाच्या साखळ्या त्यात भर घालतात. ते शंभर पट, म्हणजे ३ टक्के दाखवत असेल तर एखाद्या गृहीतकाने सगळे काम केलेले आहे. ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लहान आकड्यांना बिचकू नका. कालिएंदो आणि पारो यांनी २०१५ मध्ये नाफ्टाच्या शुल्ककपातीचा कल्याणावरचा, म्हणजे लोकांच्या वास्तव उत्पन्नावरचा, परिणाम काढला तो असा: मेक्सिको १.३१ टक्के, अमेरिका ०.०८ टक्के, कॅनडा उणे ०.०६ टक्के. एवढ्या मोठ्या कराराचे हे आकडे आहेत.

गृहीतकाचे वजन किती असते ते यूएसएमसीएच्या अंदाजातून शिकावे. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०१९ मध्ये वास्तव जीडीपीत ०.३५ टक्के वाढ आणि १,७६,००० रोजगार वर्तवले. त्यातला मोठा भाग धोरणाबद्दलची अनिश्चितता कमी होईल या गृहीतकातून आलेला होता. तो वगळला की परिणाम उणे होत होता. आयोगाने हे लपवले नाही, अहवालातच सांगितले. आपणही मुख्य गृहीतक काढून आकडा पुन्हा मोजा आणि दोन्ही शेजारी शेजारी छापा.

## टप्पा ९ : सरासरीच्या आत डोकवा

कॅनडा आणि अमेरिका यांच्यातला १९८९ चा करार घ्या. डॅनियल ट्रेफलर यांच्या २००४ च्या अभ्यासानुसार, कॅनडात ज्या उद्योगांचे शुल्क सर्वाधिक उतरले तिथे रोजगार १२ टक्के घटला आणि श्रमाची उत्पादकता १५ टक्के वाढली. दोन्ही आकडे एकाच कारणातून आले: कमी उत्पादक कारखाने आक्रसले. फक्त दुसरा आकडा छापणारा अहवाल नोकरी गेलेल्या माणसाला हिशेबातून पुसून टाकतो. फक्त पहिला छापणारा, उरलेला उद्योग अधिक सक्षम झाला हे दडवतो.

उद्योगनिहाय शुल्ककपात घ्या, प्रत्येक विभागात त्या उद्योगांत करारापूर्वी किती टक्के लोक काम करत होते त्याने तिला गुणा आणि बेरीज करा. ही झाली त्या विभागाची झळ. रोजगाराचा वाटा करारापूर्वीचाच घ्या. नंतरचा घेतलात तर परिणामानेच कारण मोजल्यासारखे होईल. मग झळ जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या विभागांत रोजगार आणि वेतन कसे बदलले ते पाहा.

सावधान : या पद्धतीतून विभागांमधला फरक कळतो, देशाचा एकूण परिणाम नाही. विभागांचे आकडे बेरजेला लावून ‘करारामुळे एकूण इतक्या नोकऱ्या गेल्या’ असे लिहू नका.

## टप्पा १० : निष्कर्ष लिहा

एकच आकडा देऊ नका, पट्टा द्या: मध्य अंदाज, खालची आणि वरची मर्यादा. प्रमाण त्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचे माप) देशांच्या जोडीनुसार गटबद्ध केलेल्या असाव्यात, नाहीतर पट्टा खोटा अरुंद दिसतो. लवचिकतेचे मूल्य कुठून घेतले ते लिहा, आणि ते निम्मे व दीडपट करून निष्कर्ष टिकतो का ते दाखवा.

सेवा व्यापार, गुंतवणूक, मानके, सरकारी खरेदी ही प्रकरणे करारात असतील आणि तुमच्या मोजणीत नसतील, तर तेही निष्कर्षाच्या परिच्छेदातच सांगा, तळटीपेत नव्हे. वस्तूंच्या शुल्कावरून काढलेला आकडा ‘कराराचा परिणाम’ या नावाने फिरू लागला की तो परत आणता येत नाही.

शुल्काचा तक्ता, कोड जुळवणीची फाइल आणि मॉडेलची आज्ञावली एकत्र जपून ठेवा. दहा वर्षांच्या टप्प्यांनी उतरणारे शुल्क असलेल्या कराराचे तिसऱ्या वर्षीचे मूल्यमापन अर्धवटच असते. शेवटचा हप्ता लागू झाल्यावर तीन-चार वर्षांनी हीच फाइल उघडून, तीच निवड आणि तेच तुलनागट ठेवून, पाचव्या टप्प्यापासून पुन्हा मोजा.